बाळाचं पाव लिटर रक्त आणि हार्ट-लंग मशीन

“बाय, ह्येचा सगळा रगात त्या मशिनीत ग्येला, तर आंगात काय रवतला गो?”

देवगडजवळच्या एका वाडीतून आलेल्या आजींनी मला हे विचारलं तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत त्यांच्या नातवाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. पोर तीन महिन्यांचं, वजन जेमतेम तीन किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. सर्जननी आईबापाला चित्र काढून सगळं समजावलं होतं, कागदांवर सह्याही झाल्या होत्या. आजी तोवर गप्प होत्या. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने आलेल्या, पदराच्या टोकाला रवळनाथाचा अंगारा बांधलेला. सगळे उठून गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हा प्रश्न विचारला.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवते. माझं गाव राजापूर तालुक्यात, आणि तिथे माझ्या कामाचं नाव अजून कुणाला नीट सांगता येत नाही. त्या रात्री आजींना मी पाच मिनिटांत जे सांगितलं ते तोकडंच होतं. त्यांचा प्रश्न मात्र नेमका होता. लहान मुलांसाठी हे यंत्र घडवणारे इंजिनिअर गेली सत्तर वर्षं याच प्रश्नाशी झुंजत आहेत. कोकणातून दर महिन्याला कुणी ना कुणी असं बाळ घेऊन मुंबईची गाडी पकडतं, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून आता जरा सविस्तर लिहिते.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. हृदयाच्या आतलं भोक शिवायचं तर हृदय थांबलेलं आणि रिकामं हवं. पण हृदय थांबलं की मेंदूला काही मिनिटांतच इजा व्हायला लागते. म्हणून शरीरातून हृदयाकडे परत येणारं काळपट रक्त दोन मोठ्या शिरांमधूनच नळीने बाहेर घ्यायचं. ते एका भांड्यात जमा होतं, त्याला रिझर्व्हायर म्हणतात. तिथून पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. ऑक्सिजनेटर म्हणजे कृत्रिम फुप्फुस. तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हवं तसं ते गार किंवा गरमही करता येतं. मग गाळणीतून जाऊन तेच रक्त महाधमनीत परत. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही त्या वेळात विश्रांती घेतात.

यात एक मेख आहे. यंत्र रिकामं सुरू करता येत नाही. नळ्या, भांडं, ऑक्सिजनेटर, सगळं आधी द्रवाने काठोकाठ भरून त्यातली हवा काढावी लागते. या भरण्याच्या द्रवाला आम्ही प्राइम म्हणतो. पंप सुरू झाला की हे प्राइम आणि पेशंटचं रक्त एकत्र होतं. आजींचा प्रश्न खरा सुरू होतो तो इथून.

सोलकढी घ्या. घरात मोठं पातेलंभर कढी आहे आणि पाहुणे वाढले. एक पेला पाणी घातलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वाटीभर कढीत तोच पेला ओतलात तर हातात फिकट गुलाबी पाणी उरतं, आगळाची चव नाही की नारळाच्या रसाचा दाटपणा नाही. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४२०० मिली रक्त असतं. मोठ्यांच्या मशीनला १००० ते १५०० मिली प्राइम लागतं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ४० टक्के धरला आणि १२०० मिली प्राइम मिसळलं, तर तो ३१ वर येतो. मोठा माणूस एवढं सोसतो. आता बाळ घ्या. लहान बाळात किलोमागे साधारण ८५ मिली रक्त, म्हणजे तीन किलोच्या पोरात सगळं मिळून २५५ मिली. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीतलं अर्धं. त्याच्या तांबड्या पेशी ३६ टक्के धरू. मोठ्यांचं मशीन त्याला जोडलं तर हा वाटा ६ टक्क्यांवर घसरेल. त्यावर जीव टिकायचा नाही. २५० मिलीचं मशीन जोडलं तर १८. प्राइम १२० मिलीपर्यंत खाली आणलं तर २४-२५.

हे आकडे कागदावर रुक्ष दिसतात, पण त्यांचा संबंध पोराच्या पुढच्या वाढीशी आहे. बोस्टनमध्ये बाळांच्या दोन गटांवर अभ्यास झाला. एका गटात पंपावर असताना तांबड्या पेशींचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास ठेवला, दुसऱ्यात २८ च्या आसपास. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. वर्षभराने तपासलं तेव्हा पातळ रक्ताच्या गटातली मुलं हालचालींच्या वाढीत मागे होती. तेव्हापासून बाळाचं रक्त किती पातळ होऊ द्यायचं याबद्दल आमच्या क्षेत्रात सगळे जास्त सावध झाले.

आता इतिहासाकडे थोडं वळते, कारण या अडचणीवर पहिला उपाय विलक्षण होता. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी स्वतः घडवलेलं हार्ट-लंग मशीन वापरून एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बंद केलं. मशीनवर यशस्वी झालेलं हे पहिलं ऑपरेशन. पण ते यंत्र अगडबंब होतं आणि लहान मुलांसाठी कुणाकडेच काही नव्हतं. मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये यंत्रच बाजूला ठेवलं. मुलाशेजारच्या टेबलावर आईला किंवा वडिलांना झोपवायचं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडायच्या आणि ऑपरेशन होईपर्यंत मोठ्या माणसाच्या हृदय-फुप्फुसांवर मुलाला जगवायचं. पहिला मुलगा वर्षभराचा होता, शेजारच्या टेबलावर त्याचे वडील. भोक व्यवस्थित शिवलं गेलं, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने मूल गेलं. लिलेहाय थांबले नाहीत. अशा ४५ ऑपरेशनांमधली २८ मुलं बरी होऊन घरी गेली. त्या काळी या आजारांवर दुसरा काही इलाजच नव्हता, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं. पण एका ऑपरेशनात दोन जीव टेबलावर असायचे. वर्षभरातच त्यांचे सहकारी रिचर्ड डिवॉल यांनी प्लास्टिकच्या नळ्यांचा साधा, स्वस्त ऑक्सिजनेटर बनवला आणि आईबापांची त्या टेबलावरून सुटका झाली.

तिथून आजपर्यंतची वाटचाल म्हणजे एकेक मिलिलिटर वाचवण्याची धडपड आहे. सर्वांत जास्त वाचतं ते नळ्यांमध्ये.

आपल्याकडचे सुतार आणि प्लंबर सुतात मोजतात, एक इंच म्हणजे आठ सूत. त्याच मापाने सांगते. मोठ्यांच्या मशीनमध्ये हृदयाकडून रक्त आणणारी नळी बहुधा चार सूत आतल्या व्यासाची असते. तिच्या एका मीटरात १२७ मिली मावतं, म्हणजे आपल्या बाळाचं निम्मं रक्त एका मीटरात. दोन सुती नळी घेतली तर मीटरला ३२ मिली. दीड सुतीला १८. एक सुती घेतली तर फक्त ८. व्यास निम्मा केला की आत मावणारा द्रव चौथाईवर येतो, तेव्हा मोह होतो की नळी आणखी बारीक करावी, आणखी बारीक करावी. पण निसर्ग फुकट काही देत नाही. व्यास निम्मा झाला की त्या नळीतून तेवढंच रक्त ढकलायला सोळापट जोर लागतो. दोन सुतावरून दीड सुतावर आलात तरी अडथळा तिपटीहून जास्त होतो. जोर वाढवला की नाजूक तांबड्या पेशी फुटतात, आतला लाल रंग बाहेर सांडतो आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

म्हणून दुसरा मार्ग. नळी बारीक करण्याला मर्यादा आहे, तर आखूड करा. मोठ्यांच्या ऑपरेशनात मशीन टेबलापासून चांगलं लांब उभं असतं, सर्जन, त्यांचे मदतनीस, सिस्टर अशी सगळी मंडळी मध्ये. बाळांच्या मशीनमध्ये पंप मुख्य सांगाड्यापासून वेगळे करून एका खांबावर, हलत्या दांड्यांवर बसवतात आणि जितके टेबलाच्या जवळ आणता येतील तितके आणतात. मीही मग जवळजवळ सर्जनच्या पाठीला पाठ लावून बसते. तीस सेंटिमीटर दोन सुती नळी वाचली तर जवळपास दहा मिली वाचले. मोठ्या माणसाच्या हिशोबात दहा मिली म्हणजे काहीच नाही. तीन किलोच्या पोरात ते अंगातल्या रक्ताच्या चार टक्के. सेटअप करताना मी कात्रीने नळीचा जो तुकडा कापून टाकते, तो टाकताना मला दर वेळी बरं वाटतं.

रक्त पोरातून मशीनकडे येतं कसं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने अंगणात आणतो ना, तसंच. टेबल उंच, रिझर्व्हायर खाली, मधल्या उंचीच्या फरकाने रक्त आपोआप वाहत येतं. आणि झऱ्याच्या पाइपाचा जो रोग, तोच आमच्या नळीचा. पाइपात हवा धरली की वर पाणी असूनही खाली थेंब येत नाही, मग कुणीतरी वर चढून पाइप हलवत बसतो. शिरेत घातलेल्या नळीच्या टोकाच्या, म्हणजे कॅन्युलाच्या, कडेने हवेचा मोठा फुगा आत आला की आमचीही नळी अशीच अडते. फक्त आमच्याकडे डोंगर चढायला वेळ नसतो.

हा उताराचा उपाय बाळांना महागात पडतो. रिझर्व्हायर खाली ठेवायचा म्हणजे नळी लांब झालीच. म्हणून आता रिझर्व्हायर बंदिस्त करून त्याला हलका व्हॅक्यूम लावतात, २० ते ४० मिलिमीटर पाऱ्याइतका. तेवढ्या ओढीवर भांडं उचलून बाळाच्या पातळीजवळ आणता येतं, नळी आखूडही होते आणि बारीकही चालते. ओढ वाढवली की पेशी फुटतात, कुठल्याही फटीतून हवा आत शोषली जाते. व्हॅक्यूमच्या आकड्यावर म्हणूनच माझी सतत नजर असते.

पंपाचं सांगायचं तर लहानपणी खाल्लेला पेप्सीकोला आठवा. प्लास्टिकच्या लांब पिशवीतला बर्फ आपण खालून दोन बोटांत दाबत वर सरकवायचो. आमचा रोलर पंप तेच करतो. घोड्याच्या नालासारख्या वळणात नळी बसवलेली, दोन रोलर फिरत फिरत ती दाबतात आणि रक्त पुढे सरकतं. पंपाचा कुठलाही भाग रक्ताला शिवत नाही, शिवते ती फक्त नळीची आतली बाजू, आणि ती प्रत्येक पेशंटला नवी. पोफळीच्या बागेतल्या रहाटाचा जसा हिशोब असतो, एका फेऱ्यात इतके पोहरे पाणी, तसाच इथे. दोन सुती नळी असेल तर नेहमीच्या मापाचा पंप एका फेऱ्यात साधारण १३ मिली ढकलतो. बाळाला मिनिटाला किलोमागे १५० मिली रक्त हवं, मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त, कारण त्याची चयापचयाची भट्टीच जोरात असते. तीन किलोला ४५० मिली, म्हणजे मिनिटाला पस्तीसेक फेरे. रोलर नळीवर किती घट्ट बसवायचा हे मात्र हातालाच कळतं. फार घट्ट केला तर पेशी चिरडतात, सैल राहिला तर रक्त मागे सरकतं आणि पडद्यावरचा आकडा खोटा ठरतो. दर केसला मी हे नव्याने तपासते.

आता या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग. बाजारात बांगडा घेताना आपण काय करतो? कल्ला उचलून बघतो. आत लालभडक झालर दिसली की ताजा. ती झालर एवढी लाल असते कारण तिच्या बारीक बारीक पात्यांमध्ये रक्त खेळत असतं आणि बाहेरून वाहणाऱ्या पाण्यातून प्राणवायू खेचून घेत असतं. तेवढ्याशा जागेत इतका मोठा पृष्ठभाग घडी करून बसवण्याची ही युक्ती. आमचा ऑक्सिजनेटर म्हणजे माणसाने बनवलेला कल्लाच आहे, फक्त उलटा. त्यात पॉलिप्रॉपिलीनचे हजारो पोकळ धागे असतात, एकेक धागा आपल्या केसाच्या तीन-चार पट जाड. धाग्यांच्या पोटातून ऑक्सिजन वाहतो आणि बाहेरून, धाग्यांच्या गर्दीतून वाट काढत रक्त. धाग्याच्या भिंतीला एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान छिद्रं असतात. त्यातून वायू ये-जा करतात, पण हे प्लास्टिक पाण्याला जवळ करत नाही, अळूच्या पानासारखं, म्हणून रक्त आत शिरत नाही.

पूर्वी रक्तात थेट ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि नंतर फेस मोडायचा. त्याने पेशींचे हाल होत आणि बारीक बुडबुडे राहून जाण्याची भीती असे. पोकळ धाग्यांमुळे ते सगळं मागे पडलं. रक्त धाग्यांच्या बाहेरून नेण्याची कल्पनाही सावकाश सुचलेली आहे. आधी ते धाग्यांच्या आतून नेत, तेव्हा अडथळा जास्त व्हायचा. बाहेरून नेलं की रक्त धाग्यांवर आपटत, ढवळत जातं, त्यामुळे कमी धाग्यांत भागतं. कमी धागे म्हणजे कमी जागा, म्हणजे कमी प्राइम. मोठ्यांच्या ऑक्सिजनेटरमध्ये दीड-दोन चौरस मीटर पृष्ठभाग असतो. नवजात बाळांसाठीच्या सर्वांत लहान ऑक्सिजनेटरमध्ये पाव चौरस मीटरहूनही कमी. तो भरायला ३१ मिली लागतात, दोन मोठे चमचे, आणि मिनिटाला ७०० मिलीपर्यंत रक्त तो सांभाळतो. रक्त गार-गरम करणारा भाग यातच बसवलेला असतो आणि काहींमध्ये शेवटची गाळणीसुद्धा धाग्यांभोवतीच गुंडाळलेली असते, म्हणजे वेगळ्या गाळणीचे मिली वाचले. मी पहिल्यांदा असा ऑक्सिजनेटर हातात घेतला तेव्हा तो माझ्या मुठीत मावला होता.

गार करण्याचं कारण सरळ आहे, गार शरीराला ऑक्सिजन कमी लागतो. काही किचकट ऑपरेशनांमध्ये बाळाला १८ अंशांपर्यंत गार करून थोडा वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. गारव्याने रक्त दाट होतं, त्यामुळे थोडं पातळ केलेलं तिथे उपयोगीही पडतं. बाळ पटकन गार होतं, पण परत गरम करायची घाई करून चालत नाही.

रिझर्व्हायरकडे येते, कारण माझा जीव सर्वांत जास्त तिथे अडकलेला असतो. मिनिटाला ४५० मिली म्हणजे सेकंदाला साडेसात. भांड्यात ३० मिली रक्त शिल्लक असेल आणि वरून येणारी धार कशाने तरी अडली, तर भांडं रिकामं व्हायला चार सेकंद. त्यानंतर पंप हवा ओढायला लागेल, आणि हवा मेंदूपर्यंत जाऊ देणं म्हणजे अनर्थ. मग भांड्यात जास्त रक्त ठेवावं म्हणाल, तर तेवढं प्राइम वाढलं. या कात्रीतून बाहेर पडण्यासाठी बाळांच्या रिझर्व्हायरचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता केलेला असतो, म्हणजे थोड्या रक्तालाही चांगली उंची मिळते आणि पातळी डोळ्यांना दिसते. बाहेरून पातळी ओळखणारा सेन्सर चिकटवलेला असतो. पातळी खाली गेली की तो पंपाचा वेग कमी करतो किंवा पंपच थांबवतो. पुढच्या नळीवर बुडबुडे पकडणारा वेगळा पहारेकरी. एवढं असूनही मी ऑपरेशनभर त्या भांड्यावरून नजर हटवत नाही.

हवा काढण्याचं काम खरं तर पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये येण्याआधी सुरू होतं. आधी कोरड्या नळ्यांमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तो साध्या हवेपेक्षा द्रवात लवकर विरघळतो, म्हणून मागे राहिलेले फुगे नाहीसे होतात. मग प्राइम फिरवायचं आणि प्रत्येक जोड, प्रत्येक वळण, ऑक्सिजनेटरची कड न् कड ठोकत जायचं, टक टक टक. एखादा मोहरीएवढा बुडबुडा कोपऱ्यात हटून बसतो. तो सुटून वर जाईपर्यंत मी पुढे सरकत नाही. शिकत असताना मला हे ठोकणं कंटाळवाणं वाटायचं. आता ती टकटक कानाला ओळखीची झाली आहे.

एवढी काटकसर करूनही बहुतेक लहान बाळांच्या प्राइममध्ये दुसऱ्याचं रक्त मिसळावंच लागतं. इथे आणखी एक गुंता आहे. पिशवीत साठवलेल्या रक्तात दिवसागणिक पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, लॅक्टिक आम्ल वाढतं. ते गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि बाळाचं हृदय आकसण्यासाठी कॅल्शियमवर मोठ्यांच्या हृदयापेक्षा जास्त अवलंबून असतं. मोठ्या माणसात एक पिशवी चार लिटरांत विरून जाते. बाळात ती त्याच्या स्वतःच्या रक्ताएवढीच असते, म्हणजे पिशवीत जे काही असेल ते निम्मं बाळाचं होतं. म्हणून शक्य तितकं ताजं रक्त मागवायचं, बाळाला जोडण्याआधी मशीनमध्येच फिरवून गाळायचं आणि क्षार तपासून दुरुस्त करायचे. बर्लिनमधल्या हृदयकेंद्रातल्या मंडळींनी प्राइम १०० मिलीच्या आसपास आणून कित्येक बाळांची ऑपरेशनं दुसऱ्याचं रक्त मिसळल्याशिवाय सुरू करून दाखवली. प्रत्येक ठिकाणी ते जमेल असं नाही, पण दिशा तीच आहे.

प्लास्टिकचाही प्रश्न आहेच. रक्ताला आपल्या वाहिन्यांशिवाय दुसऱ्या कशाचा स्पर्श झाला की ते गोठू लागतं. गोठू नये म्हणून हेपॅरिन देतो आणि शेवटी प्रोटॅमिन देऊन त्याचा परिणाम उतरवतो. पण परक्या पृष्ठभागाला शिवल्यावर शरीर जी दाहाची प्रतिक्रिया देतं, ती हेपॅरिनने थांबत नाही. बाळाच्या मूठभर रक्ताला प्लास्टिकचा स्पर्श तुलनेने कितीतरी जास्त होतो. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, पोर सुजतं, फुप्फुसं जड होतात. नळ्यांना आतून हेपॅरिनचा किंवा आपल्या पेशींच्या आवरणासारख्या पदार्थाचा लेप देतात तो यासाठीच. आखूड नळी इथेही कामाला येते.

या सगळ्यापर्यंत बाळ वेळेत पोचणं हे मात्र मशीनच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. त्या आजींच्या नातवाला दूध पिताना कपाळावर दरदरून घाम यायचा. चार घोट घेतले की दमायचं, थांबायचं, परत चार घोट. घरात सगळ्यांना वाटलं, उकाडा आहे, एप्रिल-मे महिना, कोकणात कोण घामत नाही? मला हे फार वेळा ऐकू येतं आणि दर वेळी पोटात तुटतं. खेळताना किंवा झोपेत येणारा घाम वेगळा. दूध ओढताना कपाळ भिजत असेल, श्वास भरभर चालत असेल, छातीखाली खळगा पडत असेल, वजन वाढत नसेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर उकाड्यावर सोडू नका. डॉक्टरांना हृदय तपासायला सांगा, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लागली तर करा. हजारात आठ-नऊ बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांच्यात उशीर झाला की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक होत जातात आणि मग भोक शिवूनही उपयोग होत नाही. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला जे आरोग्यपथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. या कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली, आणि जन्मजात हृदयदोष शोधणं, पुढच्या उपचारांना पाठवणं हे त्यांचं काम आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. अगदी तान्ह्या बाळासाठी पथकाची वाटही पाहू नका, सरळ दाखवा.

त्या पोराचं ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. पंपावर घेतलं तेव्हा नळी आधी फिकट होती, मग बाळाचं काळपट रक्त तिच्यात पुढे पुढे सरकत आलं, ऑक्सिजनेटरमध्ये शिरलं आणि पलीकडून लालभडक होऊन निघालं. इतक्या वर्षांनंतरही हा क्षण मी डोळे भरून बघते. प्राइममध्ये मिसळलेल्या रक्तामुळे तांबड्या पेशी २८ टक्क्यांवर राहिल्या. भोक शिवून झालं, बाळ गरम केलं, हृदय आपणहून चालू लागलं. सर्जननी “पंप बंद” म्हटलं.

माझं काम तिथे संपत नाही. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मी बाळाचं रक्त हळूहळू एका बारीक फिल्टरमधून फिरवते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने १९९०च्या सुमाराला ही रीत रूढ केली. फिल्टर जास्तीचं पाणी बाहेर काढतो, पेशी आणि प्रथिनं आतच ठेवतो. सोलकढीत पडलेलं पाणी परत काढून घेता आलं तर कसं, तसंच हे. आणि नळ्यांमधलं उरलेलं रक्त मागून सलाईन ढकलत पुढे सरकवायचं, बाळाच्या दिशेने. लाल रंग इंच इंच पुढे जातो आणि मागे नळी पाण्यासारखी स्वच्छ होत येते. त्या दिवशी फिल्टरच्या पिशवीत गव्हाळ पिवळं पाणी १९० मिली जमलं. बाळाच्या तांबड्या पेशी ३८ टक्क्यांवर गेल्या, ब्लड प्रेशर सावरलं आणि सर्जननी मान डोलावली.

दुपारी मी बाहेर आले तेव्हा आजी त्याच बाकावर होत्या. त्यांनी काही विचारायच्या आतच मी सांगितलं, “आजी, सगळं रक्त परत दिलं. नळीत थेंब ठेवला नाही.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि विचारलं, “मगे ह्येका दूध कधी देवचा?”

ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं. आयसीयूच्या सिस्टरना विचारायला मी परत आत गेले.